गावोगावची कॉफी : कोठे शोधावी, काय विचारावे, कशी पारखावी

चांगली कॉफी शोधायची असली की बहुतेक जण मोबाइलवरच्या नकाशात ‘कॅफे’ हा शब्द टाकतात आणि सर्वाधिक तारे मिळालेले ठिकाण गाठतात. या रीतीने बसायला बरी जागा, पिझ्झा आणि वाय-फाय मिळते; कॉफी चांगली मिळेलच असे मात्र नाही. निदान आपल्या देशात तरी कॉफीचा माग कपापासून न काढता पावडरच्या दुकानापासून काढावा, असे माझे मत आहे. ज्या गावात बिया भाजून, दळून विकणारे दुकान टिकून आहे, त्या गावात ती पावडर नेणारी घरे आणि हॉटेले असणारच, आणि आपला माल कोठे जातो व त्याचे तेथे काय होते, हे त्या दुकानदाराला कोणत्याही यादीपेक्षा नेमके ठाऊक असते. तेव्हा नकाशावर शोधायचेच असेल तर ‘कॅफे’ऐवजी ‘कॉफी पावडर’, ‘कॉफी रोस्टर’ किंवा ‘कॉफी वर्क्स’ असे शब्द टाकून पाहावेत. यांतले शेवटचे नाव कर्नाटकात दळणाच्या दुकानांना सर्रास असते.

आधी घरची चव निश्चित करावी

बाहेर पडण्यापूर्वी आपल्याला नेमके काय आवडते, हे कळण्याची सोय घरीच करावी. मराठी घरातली कॉफी म्हणजे बहुधा दुधात उकळलेली, साखर सढळ हाताने घातलेली आणि वरून जायफळ किसलेली कॉफी. ती उपासाला चालते आणि रात्री गप्पा लांबल्या की हमखास होते. ती कमी प्रतीची आहे असे मुळीच नाही, किंबहुना तोही एक स्थानिक प्रकारच आहे आणि परप्रांतीय पाहुण्यांना तो आवर्जून द्यावा. पण दूध, साखर आणि जायफळ यांच्याआड मूळ कॉफी झाकली जाते, त्यामुळे दोन कॉफींची तुलना करायला तिचा उपयोग होत नाही.

यासाठी दोन प्रकारची फिल्टर कॉफी पावडर प्रत्येकी १०० ग्रॅम आणावी : एक निव्वळ कॉफीची आणि दुसरी ८०-२० ची, म्हणजे शंभरात वीस भाग चिकोरी असलेली. चिकोरी ही एका झाडाची मुळी असून ती भाजून दळतात. आपल्याकडे तिचे पीक गुजरातेत जामनगर भागात होते. तिच्यात कॅफिन नसते; ती कॉफीला गडद रंग, दाटपणा आणि किंचित गोडसर कडवटपणा देते. मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे, असा नियम आहे. म्हणून ब्रँडचे नाव वाचण्याआधी पाकिटाची मागची बाजू वाचावी. ६०-४० असा आकडा असेल तर आपण बऱ्याच अंशी चिकोरीच पिणार आहोत, हे समजून घ्यावे.

दोन्ही पावडरी स्टीलच्या दुमजली फिल्टरमध्ये एकाच रीतीने कराव्यात. वरच्या भांड्यात सुमारे २० ते २५ ग्रॅम पावडर घालून ती हलकेच समतल करावी, दाबून घट्ट करू नये. उकळलेले पाणी अर्धा मिनिट थांबवून, साधारण दीडशे मिलिलिटर, गोलाकार ओतावे आणि झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे वाट पाहावी. चिकोरीचे मिश्रण पाणी धरून ठेवते, त्यामुळे त्याचे डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून खाली उतरणारा अर्क, सावकाश उतरते आणि दाट दिसते. निव्वळ कॉफीचे लवकर आणि पातळ उतरते. पातळ दिसते म्हणून ते फिके आहे असे समजू नये. दोन्ही डिकॉक्शने आधी गरम पाणी घालून, बिनसाखरेची, घोट-घोट चाखावीत आणि मगच दूध घालावे. यांतली कोणती चव आपली, हे एकदा ठरले की पुढे कोणत्याही गावात ‘स्ट्राँग द्या’ असे मोघम सांगण्याची वेळ येत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. इन्स्टंट कॉफी म्हणजे आधीच काढलेल्या कॉफीचा सुकवलेला अर्क. तो पाण्यात पूर्ण विरघळतो. फिल्टरची पावडर विरघळत नाही. बाटलीतली इन्स्टंट फिल्टरमध्ये घालणे आणि फिल्टरची पावडर थेट कपात ढवळणे, या दोन्ही गोष्टी अजूनही पुष्कळ घरांत होतात आणि मग दोष कॉफीच्या माथी जातो.

आपल्याच शहरातली दुकाने

मुंबईकरांनी सुरुवात माटुंग्यापासून करावी. किंग्ज सर्कलच्या आसपास दक्षिणेतली कुटुंबे कित्येक दशकांपासून वसली असल्याने तेथे हॉटेले आणि पावडरची दुकाने शेजारी-शेजारी आढळतात. रामाश्रय, कॅफे मद्रास आणि म्हैसूर कॅफे ही नावे सर्वांना माहीत आहेत. मात्र तेथे सकाळी लवकर जावे. याचे कारण गर्दी टाळणे एवढेच नाही. पहाटे काढलेले डिकॉक्शन पहिल्या काही तासांतच सर्वांत चांगले असते, आणि तेच दुपारपर्यंत गरम ठेवले गेले की करपट लागू लागते. कॉफी प्यायल्यावर जवळच्या बाजारातल्या ‘म्हैसूर कन्सर्न्स’सारख्या दुकानात थांबून भाजण्या-दळण्याचे काम पाहावे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली आणि रूपाली येथे फिल्टर कॉफीची सवय पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे.

दुकानात काय विचारावे, हे माहीत असले की दुकानदारही मोकळेपणाने बोलतो. पहिला प्रश्न, बिया कधी भाजल्या. दुसरा, मिश्रणात काय-काय आहे. येथे जे शब्द कानी पडतात ते समजून घ्यावेत. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. ‘प्लांटेशन’ म्हणजे फळाचा गर धुऊन काढलेली अरेबिका. ‘चेरी’ म्हणजे आख्खे फळच उन्हात वाळवून मग सोललेली बी, आणि ‘पार्चमेंट’ म्हणजे धुतलेली रोबस्टा. ‘ए’ किंवा ‘एबी’ ही अक्षरे बीचा आकार सांगतात, चव नाही. ‘पीबी’ किंवा पीबेरी म्हणजे ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी तयार होते तिची कॉफी. पुष्कळांना ती अधिक चांगली वाटते, पण तिच्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी ती साध्या प्लांटेशन-ए शेजारी चाखून पाहावी. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असते आणि तिने दुधाच्या कॉफीला जोर येतो, त्यामुळे हॉटेलच्या मिश्रणात ती असणे हे भेसळीचे लक्षण नव्हे. तिसरी गोष्ट म्हणजे दळण आपल्यासमोर करून घ्यावे आणि घरी कोणते साधन आहे ते सांगावे. फिल्टरला बारीक दळण लागते, फ्रेंच प्रेसला, म्हणजे जाळीचा दट्ट्या दाबून कॉफी गाळण्याच्या भांड्याला, जाडसर. आणि शेवटी, पैसे देताना, तुमची पावडर कोणत्या हॉटेलात जाते, हे विचारावे. या एका प्रश्नाच्या उत्तरात पुढच्या रविवारची सोय होते.

नव्या पद्धतीच्या रोस्टरांची गोष्ट निराळी. ब्ल्यू टोकाई २०१३ मध्ये दिल्लीत सुरू झाली. मुंबईत वांद्र्याची सबको आणि नागपुरातली कॉरिडॉर सेव्हन ही याच वळणाची नावे. येथे पाकिटावर इस्टेटचे, म्हणजे कॉफीच्या मळ्याचे, नाव, प्रक्रिया आणि भाजल्याची तारीख असते. पाकीट हातात घेऊन तारीख पाहणे, ही अशा ठिकाणची पहिली परीक्षा होय : भाजल्यावर चार-पाच दिवसांनी कॉफी स्थिर होते आणि महिनाभरानंतर तिचा सुगंध ओसरू लागतो. तारखेच्या जागी केवळ ‘बेस्ट बिफोर’ असेल, तर सजावट कितीही सुरेख असो, अपेक्षा बेताची ठेवावी. दुसरी परीक्षा प्रश्नाची : आज ग्राइंडरमध्ये कोणत्या इस्टेटची कॉफी आहे? ज्याला हे सांगता येते तो बहुधा आपले काम मन लावून करतो. पहिल्या भेटीत ओतून गाळलेली काळी कॉफी मागवावी. तीन-चार मिनिटे लागतात, पण कॅरमेल आणि क्रीमच्या थराखाली जे लपते ते तिच्यात लपू शकत नाही. ती आंबटसर लागली म्हणजे खराब झाली असे नाही. हलक्या भाजणीच्या अरेबिकाचा तो स्वभाव आहे, आणि आवडला नाही तर मध्यम किंवा गडद भाजणीची मागावी. आदरापोटी न आवडलेली कॉफी संपवण्याचे कारण नाही.

लग्नसमारंभात आणि प्रदर्शनांत वाफेच्या नळीने फेस आणून, वर चॉकलेट पावडर भुरभुरवून मिळणारी ‘एक्स्प्रेसो’ कॉफी मूळ एस्प्रेसोशी, म्हणजे बारीक पावडरीतून दाबाने काढलेल्या घट्ट काळ्या कॉफीशी, काहीही नाते सांगत नसली, तरी हिवाळ्यातल्या रात्री तिला नावे ठेवू नयेत.

महाराष्ट्राबाहेर : आधी कर्नाटक

महाराष्ट्रातही कॉफी पिकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेळघाटातले चिखलदरा त्यासाठी ओळखले जाते, आणि तेथे गेलात तर स्थानिक पावडरची चौकशी अवश्य करावी. पण देशातल्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या कर्नाटकात होते, म्हणून कॉफीसाठी मुद्दाम प्रवास करायचा तर तो चिक्कमगळूर किंवा कोडगूचा (कूर्गचा) करावा. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे; तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि चिक्कमगळूरहून तेथे जाता येते. मुंबई-पुण्याकडून रेल्वेने जाणाऱ्यांनी हुबळीमार्गे बंगळूरकडे जाणाऱ्या गाडीने बिरूर किंवा कडूर येथे उतरावे व पुढे बसने जावे. कोल्हापूर-सांगलीकरांना स्वतःची गाडी अधिक सोयीची.

हंगाम पाहून तारीख ठरवावी. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत आणि रोबस्टाची त्यानंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते; या काळात लाल फळे, गर काढण्याची यंत्रे आणि अंगणात पसरलेल्या बिया पाहायला मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एखादी सर पडून गेली की आठ-दहा दिवसांत सारा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो आणि त्यांचा जाईसारखा वास दूरवर येतो, पण हा बहर काही दिवसच टिकतो आणि त्याची तारीख कोणीही आधी सांगू शकत नाही. पावसाळ्यात तेथील निसर्ग सुंदर असतो, कॉफीच्या कामाचे मात्र फारसे काही दिसत नाही. मळे खासगी असतात, त्यामुळे रस्त्यालगतच्या फाटकातून सरळ आत शिरू नये. एखाद्या मळ्यातच होम-स्टे घेतला, तर मालक किंवा व्यवस्थापक स्वतः फिरवून आणतो. सिल्व्हर ओकच्या सावलीत वाढलेली झुडपे आणि त्याच झाडांवर चढवलेले मिऱ्याचे वेल पाहिले की सावलीतली कॉफी म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. झाडाची जात अवश्य विचारावी. एस. ७९५ ही जुनी भारतीय अरेबिका अजूनही मोठ्या प्रमाणावर लावली जाते, तर चंद्रगिरी ही बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेची अलीकडची जात आहे. चिक्कमगळूर शहरात कॉफी बोर्डाचे छोटे संग्रहालय आहे, आणि पावडर घ्यायची तर पांडुरंग कॉफी या जुन्या दुकानाकडे स्थानिक माणसे बोट दाखवतात.

कोडगूत घरगुती पद्धतीची काळी, गुळाची ‘बेल्ला कापी’ मागावी. ती हॉटेलच्या पाटीवर क्वचितच दिसते, घरात मात्र आनंदाने मिळते. केरळात गेल्यास चुक्कू कापी म्हणजे सुंठ, मिरे आणि गूळ घातलेली कॉफी प्यावी. सर्दीवरचा काढा म्हणून तिची ख्याती आहे आणि तिच्यात कॉफीचा भाग कधी कधी नावापुरताच असतो.

बंगळूरमध्ये जुनी हॉटेले हीच खरी कॉफीची शाळा. शंकरपुरमचे ब्राह्मिन्स कॉफी बार, लालबागजवळचे १९२४ पासूनचे एमटीआर, बसवनगुडीतले १९४३ चे विद्यार्थी भवन यांची नावे प्रवाशाला आपोआप कळतात. अशा ठिकाणी ‘बाय-टू’ मागावी, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत वाटून मिळते. एका सकाळी तीन-चार ठिकाणची कॉफी पिऊन पाहायची तर यासारखा उपाय नाही; कॅफिनही आटोक्यात राहते. साखर बहुधा आधीच घातलेली असते, म्हणून ऑर्डर देतानाच कन्नडमध्ये ‘सक्करे बेडा’ असे सांगावे. तमिळनाडूत ‘सक्करै वेंडाम’ म्हणावे.

तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय आणि मराठा राजांचा वाडा पाहायला जाणाऱ्या मराठी प्रवाशांना कुंभकोणम अगदी हाताशी आहे. तिथल्या डिग्री कॉफीची कीर्ती निर्भेळ गाईच्या दुधावर आणि पहिल्या धारेच्या डिकॉक्शनवर उभी आहे. आता मात्र तमिळनाडूच्या महामार्गांवर याच नावाच्या पाट्या जागोजागी दिसतात, आणि पितळेचा डबरा-पेला पाहून लोक गाडी थांबवतात. पितळेने कॉफी चांगली होत नाही. दूध सतत उकळत ठेवलेले आहे की मागणीप्रमाणे तापवले जाते, आणि डिकॉक्शन फिल्टरमधून येते की बाटलीतून, हे दोन क्षण उभे राहून पाहिले की पेला हाती येण्याआधीच निर्णय करता येतो.

कोकण रेल्वेने उडुपी-मंगळूरकडे जाणाऱ्यांनी ‘मॉन्सून्ड मलबार’ शोधावी. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत कच्च्या बिया पसरून त्यांना दमट वारा लागू देतात. त्या फुगतात, फिकट सोनेरी होतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो. ज्यांना हलक्या भाजणीची कॉफी आंबट म्हणून नकोशी होते, त्यांना ही बहुधा आवडते. पूर्वेकडे आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांची अरेबिका मिळते. तिला, कोडगू, चिक्कमगळूर आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले.

उत्तरेत जेथे चहाचेच राज्य आहे, तेथे इंडियन कॉफी हाउस शोधावे. यातले पहिले १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला निघाले; पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने ही दुकाने बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती आपल्या हाती घेतली. तुरेवाल्या फेट्यातले वाढपी आणि कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या गप्पा हे तेथे जाण्याचे खरे कारण. कॉफी साधीच असते आणि ती तशीच स्वीकारावी.

परदेशात

परदेशात एक नियम पाळावा : प्रत्येक ठिकाणी तिथल्या रोजच्या कॉफीची त्या गावच्या मापाने पारख करावी, आणि ती मागण्याचे दोन-तीन शब्द आधी पाठ करून जावे. सिंगापूर आणि मलेशियात हे विशेष उपयोगी पडते. तेथे बिया साखर आणि मार्गारिन घालून भाजतात, आणि नुसते ‘कोपी’ म्हटले की तळाशी गोड कंडेन्स्ड दूध असलेला कप येतो. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, ‘कोपी-सी’ म्हणजे आटवलेल्या बिनगोड दुधाची व साखरेची, ‘सिऊ दाय’ जोडले की साखर कमी, आणि ‘कोसोंग’ जोडले की साखर अजिबात नाही. मधुमेही प्रवाशाने ‘कोपी-ओ कोसोंग’ एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. कोपिटियममध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खानावळीवजा दुकानात, हे शब्द पाटीवर समजावून सांगितलेले असतीलच असे नाही.

व्हिएतनाम जगातला दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक देश असून तेथे मुख्यतः रोबस्टा होते. ‘फिन’ या लहान गाळणीतून थेंब-थेंब उतरणारी ही कॉफी आपल्या डिकॉक्शनच्या जवळची वाटते, मात्र तिचा जोर अधिक असतो. संध्याकाळी प्यायल्यास रात्रीची झोप जाते. हनोईत अंड्याचा बलक फेटून वर घातलेली कॉफी प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींनी ऑर्डर देण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण दिसायला ती केवळ फेसाळ दुधासारखी असते.

आखातात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि तेथे जाणाऱ्या मराठी माणसांना ‘गहवा’ हमखास भेटतो. हलक्या भाजलेल्या कॉफीत वेलदोडे, कधी केशर घालून तो करतात. साखर नसते, सोबत खजूर असतो. बिनकानाचा छोटा कप उजव्या हातात घ्यावा. तो पूर्ण भरत नाहीत, आणि रिकामा झाला की पुन्हा ओततात. पुरे झाले हे तोंडाने सांगण्याऐवजी कप हलकेच हलवून दाखवावा. इटलीत काउंटरपाशी उभे राहून घेतलेल्या एस्प्रेसोची किंमत टेबलावर बसून घेतलेल्यापेक्षा बहुधा कमी असते, आणि पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती दाखवावी लागते.

उदमांजराच्या विष्ठेतून काढलेली कॉफी बालीपासून कोडगूपर्यंत पर्यटकांना अवाच्या सवा दराने विकतात. ती घेऊ नये. पिंजऱ्यात कोंडलेल्या प्राण्यांना सक्तीने फळे चारून तयार केलेला माल ‘जंगली’ म्हणून खपवला जातो, आणि तो ओळखण्याचे साधन ग्राहकाच्या हाती नसते.

घरी आणताना

प्रवासात पाव किलोहून मोठे पाकीट घेऊ नये. आवडलेल्या कॉफीचे मोठे पाकीट संपेपर्यंत तिचा सुगंध गेलेला असतो. घरी दळण्याची सोय असेल तर बियाच आणाव्यात, कारण दळलेली कॉफी कित्येक पटींनी लवकर उतरते. पाकिटावर त्याच दिवशी गाव, दुकान, मिश्रण आणि भाजल्याची तारीख लिहून ठेवावी. वहीत मात्र गुण देत बसण्यापेक्षा कॉफी कोणत्या वेळी, दुधाची की काळी, साखर घालून की न घालता प्यायली, ते नोंदवणे अधिक उपयोगी ठरते. ऑस्ट्रेलियासारख्या देशात जाताना सोबत नेलेली कॉफी विमानतळावर जाहीर करावी, मग ती भाजलेली आणि सीलबंद का असेना.

डबा हवाबंद असावा, शेगडीपासून दूर ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण दर वेळी डबा उघडला की आत दमटपणा धरतो आणि शेजारच्या लसणाचा वासही लागतो. बोअरवेलच्या जड पाण्यात हीच कॉफी बेचव लागू शकते, म्हणून गावाकडे प्यायलेली चव घरी येत नसेल तर पावडर बदलण्याआधी पाणी बदलून पाहावे. चिक्कमगळूर, म्हैसूर आणि बंगळूरची पुष्कळ दुकाने आता टपालाने किंवा कुरिअरने पावडर पाठवतात. दुकानाचा क्रमांक घेऊन ठेवावा, आणि पहिले पाकीट निम्मे संपल्यावर, ते खरोखरच रोज प्यावेसे वाटले असेल तरच, दुसरे मागवावे.